टोपीवाले स्वर

गेलं वर्षभर माझ्या नोकरीतला बराचसा वेळ एका टोपीपायी जातोय. रोमन स्वराच्या डोक्यावर (â, î अशी) बसणारी ही टोपी 'अ'चा 'आ' करते, 'इ'ची 'ई' करते, आणि साध्या इंग्रजी कीबोर्डवर काही हाताला लागत नाही. मी कॅनडातल्या एडमंटनला राहते. ऑनलाइन कोर्स तयार करणं हे माझं काम. आजवर आग लागली तर काय करायचं, नर्सना लागणारं औषधांचं गणित, कारखान्यातली सुरक्षितता असले कोर्स केले. त्यांत चूक-बरोबर आधीच ठरलेलं असायचं. मग क्री भाषेचं वाचन-लेखन शिकवणारा कोर्स हाती आला आणि पहिल्याच बैठकीत वाद निघाला, की टोपी न घालता लिहिलेलं उत्तर बरोबर धरायचं की चूक?

प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही.

कॅनडाच्या मूळ रहिवाशांच्या भाषांत क्री ही सर्वांत जास्त बोलली जाणारी. २०२१च्या जनगणनेत ती बोलू शकणारे ८० हजारांहून अधिक लोक होते. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेला क्वेबेकपर्यंत तिचा पसारा, त्यामुळे बोलीही अनेक. 'मी' हा एकच शब्द घ्या. आमच्या गवताळ मुलखात 'निय', थोडं उत्तरेला जंगलपट्टीत 'नीथ', हडसन उपसागराकडच्या दलदली भागात 'नीन', मूस नदीच्या बाजूला 'नील'. अभ्यासक बोलींना याच वर्णांवरून ओळखतात, य-बोली, थ-बोली वगैरे. आमचा कोर्स य-बोलीचा. बोलणारे तिला नेहियवेविन म्हणतात. एडमंटनहून दक्षिणेला तासाभर गाडी हाकली की मस्क्वचीस लागतं. तिथे आणि आसपास ही भाषा अजून घराघरांत ऐकू येते. पण त्यातल्या बऱ्याच घरांत ती आजी-आजोबांच्या खोलीपुरती उरली आहे.

आमच्या गटात भाषा शिकवणाऱ्या एक बाई, ध्वनिमुद्रण करणारा एक तरुण, मी, आणि जिला सगळे 'कोकम' म्हणतात ती आजी. (आमसुलाशी संबंध नाही. इकडच्या बोलण्यात कोकम म्हणजे आजी.) कोकमचं वय ऐंशीच्या पुढे. इंग्रजी लिहिणं ती निवासी शाळेत शिकली, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत त्या शाळेत. त्याच शाळेत क्री बोललं तर मार बसायचा. क्री वाचायला ती शिकली उन्हाळ्याच्या सुट्टीत, स्वतःच्या आजीकडून, एका भजनांच्या पुस्तकावरून. ते पुस्तक रोमन लिपीत नाही, क्रीच्या स्वतःच्या अक्षरलिपीत आहे. या लिपीत दीर्घ स्वर दाखवायला अक्षरावर एक ठिपका देतात. कोकमच्या पुस्तकात तो ठिपका जवळजवळ कुठेच नाही. आणि कोकम ते पुस्तक धडाधडा वाचते.

तिचं म्हणणं सरळ होतं. "ठिपके लागतात कुणाला? वाक्य वाचलं की कळतंच की."

तिला कळतं, यात शंकाच नाही. पण आमच्या कोर्सला येणारे कोण? एडमंटनमध्ये वाढलेली पंचविशीतली मुलं, ज्यांच्या आईवडिलांनी पोरांच्या भल्यासाठी म्हणून घरात क्री बोलणं सोडलं. शाळेतल्या शिक्षिका. उत्तरेकडच्या दवाखान्यात बदली झालेली एखादी नर्स. त्यांच्या कानात भाषा आधीपासून नाही. कागदावर नसेल ते त्यांना कुठूनच मिळणार नाही.

उदाहरण देते. 'निपिय' म्हणजे पाणी, 'नीपिय' म्हणजे झाडाचं पान. (पाणी आणि पान मराठीतही असेच शेजारी यावेत हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.) 'सकहिकन' म्हणजे खिळा, 'साकहिकन' म्हणजे तलाव. 'किनिपान' म्हणजे तू झोपला आहेस; 'की-निपाव' म्हणजे तो झोपला होता. पहिल्यातला ऱ्हस्व 'कि' म्हणजे 'तू' आणि दुसऱ्यातली दीर्घ 'की' म्हणजे भूतकाळ. म्हणजे टोपी गेली की नुसता शब्द बदलत नाही, व्याकरणही डळमळतं. चाचणीच्या वेळी एका मुलीने 'पाणी पी' असं लिहिलं आणि खबरदारी म्हणून सगळ्याच स्वरांना टोप्या घातल्या. कोकमने ते स्क्रीनवर वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "पान पी म्हणतेय," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ हसत राहिली. मुलगीही हसली. त्या दिवसानंतर ठिपक्यांवरचा कोकमचा आक्षेप थोडा मवाळ झाला, असं मला उगाच वाटतं.

इथे माझ्या मराठीपणाचा अर्धा फायदा झाला आणि अर्धा तोटा. 'अ' आणि 'आ' मला फुकटात मिळाले. इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला सकहिकन-साकहिकन वेगळे करायला आठवडे लागतात, आपल्याला एक सेकंद. क्रीतला च सुद्धा साधारण आपल्या 'चाक'मधल्या चसारखा, 'चिमटा'मधल्या चसारखा नव्हे; तोही घरचाच निघाला. पण 'इ' आणि 'ई'? तिथे मी सपशेल ढ.

कारण उघड आहे. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत मार्क जातात, दहावीच्या पेपरात लाल शाई होते, लग्नपत्रिकेवरून नातेवाइकांत वाद होतात. पण खरं सांगायचं तर मराठीत इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून ठरतं. 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व. 'बहीण' दीर्घ, 'बहिणीला' ऱ्हस्व. शब्दाच्या शेवटी आला की दीर्घ. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं ते पाठ करत आली. 'दिन' आणि 'दीन' असल्या संस्कृत जोड्या सोडल्या, तर 'पाणी' 'पाणि' असं लिहिलं म्हणून कुणी तहानेलं राहत नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात कडक आणि ऐकण्यात सैल. क्रीत नेमकं उलटं. तिथे कान कडक आहे. लिहिताना मात्र दीडशे वर्षं लोक ठिपके गाळत आले आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं नाही, कारण वाचणारा घरचा होता. आपल्या मोडीचंही हेच. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळायची रीत नव्हती. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून, दोघांच्याही तोंडात तीच मराठी. पत्र घाईने लिहायचं, दुसऱ्या टोकाला ते बिनबोभाट वाचलं जायचं. आज मोडीच्या वर्गाला जाणाऱ्याची अडचण निव्वळ अक्षर ओळखण्याची नसते; त्या कारकुनाच्या डोक्यात जे होतं ते आपल्या डोक्यात नाही, ही खरी अडचण. पण मोडीवाल्याला निदान मराठी तरी येते. आमच्या विद्यार्थ्याला लिपी आणि भाषा एकदमच शिकायची आहे, तेही बहुधा रात्री मुलं झोपल्यावर, मोबाइलवर.

म्हणून मी टोपीच्या बाजूने उभी राहिले. शुद्धलेखनाचं मला प्रेम आहे म्हणून नव्हे. माझं स्वतःचं मराठी शुद्धलेखन बघून बाबा अजून कपाळाला हात लावतात.

लिपीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण इथल्या मराठी मंडळात माझ्या कामाचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, "अगं, ती लिपी तर आपल्या देवनागरीवरून घेतली आहे ना!" व्हॉट्सअ‍ॅपवर तसा एक मजकूर फिरतोही. त्यात तथ्य किती? जेम्स इव्हान्स नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला मेथडिस्ट मिशनरी १८४० साली आजच्या मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसला आला. त्याआधी ओजिब्वे या क्रीच्या सख्ख्या बहिणीसारख्या भाषेत त्याने लिपीचे प्रयोग केले होते. त्या मुलखात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने छापखाना आणू दिला नाही, तेव्हा त्याने चहाच्या पेट्यांतलं शिशाचं अस्तर वितळवून छपाईचे खिळे ओतले, काजळी आणि माशाच्या तेलाची शाई केली आणि कातड्यांचे गठ्ठे दाबायच्या यंत्रावर भजनं छापली, अशी हकिकत सांगतात. अक्षरांच्या आकारांत अभ्यासकांना आयझॅक पिटमनच्या लघुलिपीची, जी १८३७ साली प्रसिद्ध झाली, आणि देवनागरीचीही छाया दिसते.

मला स्वतःला आकारांतलं साम्य फारसं पटत नाही. कल्पनेतलं पटतं. व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर, ही आपल्या बाराखडीची चाल आहे. फक्त आपण व्यंजन जागच्या जागी ठेवून त्याला काना, मात्रा, वेलांटी लावतो. क्रीत व्यंजनच गर्रकन फिरतं. नुसता स्वर म्हणजे त्रिकोण. टोक वर असेल तर 'इ', खाली असेल तर 'ए', उजवीकडे 'ओ', डावीकडे 'अ'. 'प' म्हणजे तळाची रेघ नसलेला तोच त्रिकोण, 'त' म्हणजे घोड्याच्या नालासारखा बाक, तेही चार दिशांना फिरतात. आमच्या बोलीला असे नऊ आकार पुरतात, चार दिशांनी छत्तीस अक्षरं. बाराखडी नव्हे, चौखडी. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या सुट्या व्यंजनांसाठी बारीक खुणा असतात, आडवी रेघ, तिरकी रेघ, छोटं वर्तुळ. हुशार मुलगा दोन संध्याकाळींत हे शिकतो. शाळा नव्हत्या त्या काळात ही लिपी मिशनऱ्यांपेक्षा वेगाने पसरली ती यामुळेच. शिकारीच्या तळावर एकाने दुसऱ्याला शिकवली, दुसऱ्याने बायकोला, तिने पोरांना.

क्री लोक मात्र लिपीची गोष्ट वेगळी सांगतात. मिस्तनाकोवेव नावाचा एक माणूस मेला, आत्म्यांच्या मुलखात गेला आणि परत जिवंत होऊन आला, तो भूर्जपत्रावरची अक्षरं घेऊनच. लिपी दिली ती त्या मुलखाने, मिशनऱ्याने नव्हे. आमच्या कोर्समध्ये इतिहासाच्या पानाचा पहिला मसुदा माझ्याकडे आला तेव्हा इव्हान्स वर होता, आणि खाली एका चौकटीत 'एक दंतकथा' म्हणून मिस्तनाकोवेव. शिकवणाऱ्या बाईंनी ती चौकट काढली. आता पान उघडलं की आधी कोकमच्या आवाजात ती हकिकत ऐकू येते, क्रीमध्ये, खाली भाषांतर. इव्हान्स त्यानंतर. 'दंतकथा' हा शब्द पानावर कुठेही नाही. आपल्याकडे रेड्याने वेद म्हटले हे सांगताना कुणी आधी खुलासा देत बसत नाही, मग यांनी का द्यावा?

आता तांत्रिक भाग. तो मला रंजक वाटतो, तुम्हाला वाटेलच असं नाही, म्हणून थोडक्यात. ही लिपी १९९९ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली, म्हणजे अक्षरं कुठल्याही फोनवर दिसायला हवीत. दिसतात, पण कधी कधी चौकोनी डबे होऊन दिसतात. या लिपीतला पूर्णविराम छोट्या फुलीसारखा असतो, कारण टिंब दिलं तर ते 'व'चं टिंब समजलं जाईल. आणि 'ह्क' या शेवटच्या जोडव्यंजनाची खूणही जवळपास फुलीच, फक्त ती वर अक्षराच्या खांद्याशी बसते. स्वस्तातल्या फोनच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. नवशिका वाक्याच्या मध्येच थांबतो आणि पुढे जातच नाही. आम्ही शेवटी फुलीवर बोट ठेवलं की ती मोठी होईल अशी सोय केली.

टोपीची भानगड त्याहून सूक्ष्म. संगणकाला टोपीवाला स्वर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, टोपीसकट तयार अक्षर. दोन, आधी साधा स्वर आणि मागून त्यावर चढवलेली सुटी टोपी. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. परिणाम असा, की विद्यार्थी उत्तर अचूक लिहितो, कोर्सचं सॉफ्टवेअर त्याला 'चूक' म्हणतं, शेजारी योग्य उत्तर म्हणून अगदी तेच दाखवतं, आणि बिचारा दोन्ही ओळी डोळ्यांत तेल घालून पाहत बसतो. भरीत भर म्हणजे काही गावांत टोपीऐवजी आडवी रेघ देतात. अल्बर्टा विद्यापीठाच्या ऑनलाइन शब्दकोशाने यावर शहाणा तोडगा काढला आहे. टोपी हवी की रेघ, की क्रीची अक्षरं, ते वाचणाऱ्याने निवडायचं. आम्हीही तेच धोरण ठेवलं. उत्तर तपासण्याआधी सगळ्या टोप्या-रेघा एका रूपात आणायच्या, आणि मग निकाल द्यायचा.

बिनटोपीच्या उत्तराचं काय? बराच खल झाला. ठरलं ते असं, की पहिल्या निम्म्या धड्यांत उत्तर मान्य करायचं, पण लगेच टोपीसकट लिहून दाखवायचं आणि कोकमच्या आवाजात वाचून दाखवायचं. उरलेल्या निम्म्यात टोपी नाही तर गुण नाही. शिकवणाऱ्या बाईंना पहिल्या दिवसापासून कडक राहायचं होतं. त्यांचं एक वाक्य मला पटलं: आपली पोरं उद्या जे लिहिणार, त्यावरून परवाची पोरं बोलणार. मी मऊ धोरणाचा आग्रह धरला तो वेगळ्या भीतीने. आजीच्या तोंडून ज्या भाषेबद्दल मार खाल्ल्याच्याच गोष्टी ऐकल्या, ती भाषा शिकायला माणूस पन्नाशीत पुन्हा बसतो. त्याला पहिल्याच पानावर लाल रंगात 'चूक' दाखवायचं? आमच्या पडद्यावर लाल रंगच ठेवलेला नाही. चुकीच्या उत्तराला निळसर करडा.

दुसरी अडचण कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडली नसती. वाचनाच्या धड्यात वीसहकेचाहकच्या गोष्टी घ्यायच्या होत्या. हा क्री कथांमधला नायक, लबाड, खादाड, आणि जग घडवण्यातही हात असलेला. या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या, जमिनीवर बर्फ असताना. ऑनलाइन कोर्स तर चोवीस तास, बारा महिने उघडा. मी म्हटलं, सोपं आहे, अमुक तारखेला धडा उघडेल, तमुक तारखेला बंद होईल. कोकम म्हणाली, "तारीख नाही गं पोरी, बर्फ." आता सॉफ्टवेअरला बर्फ कसा कळायचा? शिवाय कुणाकडचा? एक विद्यार्थिनी व्हँकुव्हरची, तिच्याकडे कित्येक वर्षी धड पांढरं होतच नाही. शेवटी अधिकार कोकमकडेच दिला. ती खिडकीतून पाहते, फोन करते, आणि मी धडा उघडते. गेल्या ऑक्टोबरात एकदा बर्फ पडला आणि दुपारी वितळला. ती म्हणाली, "हा काही खरा नव्हे, थांब." माझ्या साहेबांनी कामाच्या वेळापत्रकात हे कसं दाखवायचं असं विचारलं. मी 'हवामानावर अवलंबून' असं लिहिलं. ते खोटं नाही.

ध्वनिमुद्रणाचा करारही असाच वेगळा. इतर कोर्समध्ये आवाज देणाऱ्याला पैसे दिले की आवाज कंपनीचा झाला. इथे आवाज कोकमच्या कुटुंबाचा आणि समाजाचा. आम्हाला तो वापरायची परवानगी आहे, ती काढूनही घेता येते. परवानगी मागायला बाई आधी तंबाखू घेऊन गेल्या. वडीलधाऱ्यांकडे ज्ञान मागायला जायची ती रीत आहे. सही त्यानंतर.

सध्या आम्ही दुसऱ्या टप्प्यात अडकलोय, आणि आता भांडण टोपीचं राहिलेलं नाही, शब्दाच्या तुकड्यांमधल्या जोडरेघेचं आहे. क्री क्रियापदाला पुढून लहान लहान तुकडे जोडत जातात, काळाचे, इच्छेचे, 'करायला जातो', 'करायला लागतो' यांचे. रोमन लेखनात त्यांच्यामध्ये रेघ देतात, वर 'की-निपाव'मध्ये दिली तशी. क्रीच्या अक्षरांत ही रेघ चालत नाही. तिथे तुकड्यांमध्ये बारीक मोकळी जागा आणि दोन शब्दांमध्ये मोठी जागा सोडायची पद्धत आहे. कागदावर छान दिसतं. फोनच्या पडद्यावर दोन्ही जागा सारख्याच होतात, आणि लांबलचक क्रियापद ओळीच्या शेवटी नको तिथे तुटतं. कोकमच्या भजनाच्या पुस्तकात यातलं काहीच पाळलेलं नाही, हे तिने लगेच पान काढून दाखवलं. बाईंनी त्यांचं पुस्तक काढलं. मी पुढच्या मंगळवारी दोन्ही प्रकारांनी एकच पान बनवून आणायचं कबूल केलंय, आणि ते त्या 'पान पी' लिहिणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यायचं ठरलंय. तिला वाचता आलं तो नमुना घ्यायचा, यावर निदान आत्तापुरतं तिघींचं एकमत आहे.